आयर्लंडचं स्वातंत्र्य आणि समुद्रापलीकडचे आयरिश

रानजाई (धागाकर्ती)

२४ एप्रिल १९१६ ला डब्लिनमध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध सशस्त्र उठाव झाला, आणि जनरल पोस्ट ऑफिससमोर त्याचा एक पुढारी पॅट्रिक पिअर्स याने आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. त्यात सुरुवातीलाच आयर्लंडला कोणाकोणाचा आधार आहे ते सांगितलंय, आणि पहिला उल्लेख आहे अमेरिकेतल्या तिच्या परागंदा लेकरांचा. युरोपातले दोस्त त्यांच्यानंतर येतात. जाहीरनाम्यावर सात सह्या आहेत. त्यातली पहिली टॉम क्लार्कची, म्हणजे ज्याने ब्रिटिश तुरुंगात पंधरा वर्षं काढली, सुटल्यावर न्यूयॉर्क गाठलं, तिथलं नागरिकत्व घेतलं आणि मग १९०७ मध्ये डब्लिनला परत येऊन तंबाखूचं दुकान थाटलं त्याची. उठावाची बरीचशी खलबतं याच दुकानाच्या आडोशाने झाली.

या विषयावर वाचताना मला सारखं एक जाणवतंय. परदेशी आयरिशांनी पैसा पुरवला हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. पण त्याहून मोठं काम वेगळं होतं. आयर्लंडमधली सशस्त्र चळवळ दर पिढीत मोडली गेली, आणि दर वेळी ती समुद्रापलीकडे तगून राहिली. माणसं, वर्तमानपत्रं, शपथा, जुने हिशेब, जुनी वैरं, सगळं न्यूयॉर्कमध्ये सांभाळलं गेलं आणि वेळ आल्यावर परत पाठवलं गेलं. ते नसतं तर १९१६ ला उठाव करायला कोणी उरलं असतं का, याची मला शंका आहे.

मुळात हे लोक तिथे गेले कसे? १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सहासात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य इंग्लंडला जातच होतं. बोटीत बसलेल्या माणसाने हे डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तो राग त्याने पोराबाळांना दिला. स्थलांतर नंतरही थांबलं नाही. १८९० च्या सुमारास आयर्लंडमध्ये जन्मलेल्या दर पाच माणसांतली दोन आयर्लंडबाहेर राहत होती. म्हणजे आयरिश राष्ट्राचा फार मोठा भाग बेटावर नव्हताच.

१८५८ मध्ये डब्लिनला जेम्स स्टीफन्सने आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड ही गुप्त संघटना काढली आणि न्यूयॉर्कला जॉन ओ'माहोनीने फिनियन ब्रदरहुड. सुरुवातीपासूनच एक पाय इकडे, एक तिकडे. अमेरिकन यादवी युद्धातून बाहेर पडलेले हजारो आयरिश सैनिक हाताशी होते. १८६७ चा आयर्लंडमधला उठाव मात्र फसला. पुढारी आधीच पकडले गेले होते, हत्यारं पोचली नव्हती. धरलेल्यांपैकी काहींना ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, फ्रीमँटलच्या तुरुंगात पाठवलं.

इथे जॉन डेव्हॉय येतो. किल्डेअरचा माणूस, ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायांना फितवण्याचं काम करताना १८६६ ला पकडला गेला. १८७१ मध्ये देश सोडण्याच्या अटीवर सुटला आणि न्यूयॉर्कला आला. तिथे क्लॅन ना गेल ही संघटना नुकतीच उभी राहिली होती. डेव्हॉयने पुढची पन्नासहून अधिक वर्षं तिच्यासाठी घातली. लग्न नाही, घरदार नाही, वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी आणि उरलेला सगळा वेळ आयर्लंड.

फ्रीमँटलमधल्या एका कैद्याचं पत्र त्याला १८७४ मध्ये मिळालं: आम्ही इथे जिवंतपणी गाडले गेलोय, आम्हाला विसरू नका, अशा आशयाचं. डेव्हॉयने ते क्लॅनच्या सभेत वाचून दाखवलं. शाखाशाखांतून पैसे गोळा झाले आणि त्यातून 'कॅटाल्पा' नावाचं देवमासे मारणारं जहाज विकत घेतलं. एप्रिल १८७५ मध्ये ते न्यू बेडफर्डहून निघालं. कप्तान जॉर्ज अँथनी आयरिश नव्हता. जहाज खरोखर देवमासे मारत मारत गेलं, म्हणजे कोणाला संशय नको. दरम्यान जॉन ब्रेस्लिन हा फिनियन श्रीमंत गुंतवणूकदार बनून फ्रीमँटलला उतरला आणि थेट गव्हर्नरच्या ओळखीत शिरला. १७ एप्रिल १८७६ ला बाहेर कामावर नेलेले सहा कैदी घोडागाड्यांतून किनाऱ्यावर पोचले. रात्रभर वादळात होडी वल्हवत त्यांनी जहाज गाठलं. ब्रिटिशांची 'जॉर्जेट' ही आगबोट पाठलागावर आली, तिने इशाऱ्याचा तोफगोळाही टाकला. अँथनीने वर फडकणाऱ्या अमेरिकन झेंड्याकडे बोट दाखवलं: गोळी झाडाल तर या झेंड्यावर झाडाल. आगबोट मागे फिरली. ऑगस्टमध्ये ते सहाजण न्यूयॉर्कला उतरले.

राजकीय हिशेबात सहा माणसं काहीच नाहीत. पण हरलेल्या चळवळीला नऊ वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं, आणि ते परदेशस्थांच्या वर्गणीवर.

पुढचं थोडक्यात लिहिते. १८७९ ची लँड लीग, म्हणजे कुळांची चळवळ, उभी राहिली ती डेव्हॉय, कुळांचा पुढारी मायकेल डेव्हिट आणि आयरिश खासदार पार्नेल यांच्या समझोत्यातून. १८८० च्या सुरुवातीला पार्नेल अमेरिकेत फिरला, तिथल्या प्रतिनिधिगृहापुढे बोलला. पॅट्रिक फोर्डच्या 'आयरिश वर्ल्ड' या वर्तमानपत्राने लीगसाठी आठवड्यामागून आठवडे पैसे जमवले. महिलांची लँड लीगही आधी न्यूयॉर्कला निघाली, पार्नेलच्या बहिणीने, फॅनीने काढली. ओ'डोनोव्हन रॉसा हा जुना फिनियन १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर वारला. त्याचा देह डब्लिनला नेला आणि १ ऑगस्टला ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत पिअर्सने त्याच्यावर जे भाषण केलं, तिथून उठावाचं वातावरण तापलं. तो देह डब्लिनला पाठवा असं कळवणारा टॉम क्लार्क, आणि पाठवणारा डेव्हॉय.

१९१९ ते २१ च्या, म्हणजे ब्रिटनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळावर इथे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. बंडखोर आयरिश सरकारचा प्रमुख डी व्हॅलेरा जून १९१९ मध्ये बोटीत लपून अमेरिकेत गेला आणि तिथे दीड वर्ष राहिला. ते फलदायी झालं की नाही यावर दुमत आहे. लिहा.

मेघना_ठा

खूप छान लिहिलंय, रानजाई. कॅटाल्पाची गोष्ट माहीत नव्हती. एक प्रश्न: ही वर्गणी देणारे लोक नेमके कोण? श्रीमंत आयरिश व्यापारी, की साधी माणसं?

रानजाई

मेघना, बहुतांश साधी माणसं. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियातल्या घरांत स्वयंपाकपाणी आणि धुणीभांडी करणाऱ्या आयरिश मुली, गोदीतले हमाल, रेल्वेचे मजूर, पोलीस, खाणकामगार. श्रीमंत आयरिश पुष्कळदा लांबच राहायचे, त्यांना अमेरिकन समाजात प्रतिष्ठा हवी होती. १९२० च्या जानेवारीत डी व्हॅलेराने प्रजासत्ताकाची रोखे-प्रमाणपत्रं विकायला काढली, तेव्हा सगळ्यात लहान रोखा दहा डॉलरचा होता. पन्नास लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. घेणारे तीन लाखांच्या आसपास, म्हणजे सरासरी माणशी सतरा-अठरा डॉलर. याच बायका आधीच दर महिन्याला गावी पैसे पाठवत होत्या, धाकट्या भावंडांची तिकिटं काढत होत्या. त्यातून उरलेल्यातले हे दहा डॉलर.

आणि हेही लक्षात घ्यायला हवं की हे रीतसर कर्जरोखे नव्हतेच. अमेरिकेने मान्यता न दिलेल्या सरकारचे रोखे कायद्याने विकता येत नव्हते. म्हणून 'प्रजासत्ताकाला मान्यता मिळाली की याच्या बदल्यात रोखा देऊ' असं वचन देणारा कागद विकला. ज्या देशाला कोणी ओळखत नाही त्याच्या वचनावर मोलकरणीने दहा डॉलर ठेवले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

टिपणवही

लेख आवडला, पण मूळ मुद्दा मला मान्य नाही.

>> ते नसतं तर १९१६ ला उठाव करायला कोणी उरलं असतं का <<

आयर्लंडमध्ये १८८४ पासून गेलिक खेळांची संघटना होती, १८९३ पासून आयरिश भाषा जगवणारी गेलिक लीग होती. पिअर्स त्या लीगमधून घडला, न्यूयॉर्कमधून नाही. १९१९ नंतरची लढाई कॉर्क, टिपरेरी, डब्लिन इथल्या पोरांनी लढली. बंदुका बऱ्याचशा पोलिसांच्या चौक्यांवर छापे घालून मिळवल्या. अमेरिकेतून मोठी खेप जाणार होती ती जून १९२१ मध्ये, होबोकनच्या बंदरात जहाजावर चढवलेल्या ४९५ टॉमसन गन. त्या अमेरिकन अधिकाऱ्यांनीच जप्त केल्या. आणि बंडखोर सरकारचा अर्थमंत्री मायकेल कॉलिन्स याने आयर्लंडमध्येच, पोलिसांचा ससेमिरा चुकवत, जवळपास पावणेचार लाख पौंडांचं कर्ज उभं केलं. ते देणाऱ्याला तुरुंगाची भीती होती. न्यूयॉर्कमध्ये रोखा घेणाऱ्याला कसलीच नव्हती.

परदेशस्थांचे उद्योगही बघा. १८६६ मध्ये कॅनडावर स्वारी! रिजवेला एक चकमक जिंकली, अमेरिकन सरकारने रसद तोडली, संपलं. १८८१ ते ८५ मध्ये रॉसा आणि क्लॅनच्या माणसांनी लंडनमध्ये डायनामाइटचे स्फोट केले. त्यात जखमी झाले ते साधे प्रवासी आणि कर्मचारी. पोलिसांचा त्रास भोगला तो इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आयरिश मजुरांनी. लांब बसलेल्याला किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तो जास्त जहाल असतो. मला ही गोष्ट गंभीर वाटते.

दर्यावर्दी

टिपणवही यांच्याशी डायनामाइटबाबत पूर्ण सहमत. पण मला एका वेगळ्याच गोष्टीचं वाईट वाटतं. परदेशी आयरिश म्हटलं की आपण थेट अमेरिकेत जातो. सगळ्यात जवळचे, आणि सगळ्यात जास्त धोका पत्करणारे आयरिश होते ब्रिटनमध्ये.

१९१६ च्या सात सह्यांकडे परत बघा. क्लार्कचा जन्म इंग्लंडमधला, बाप ब्रिटिश फौजेत. जेम्स कॉनलीचा जन्म एडिंबराच्या गरीब आयरिश वस्तीतला. मायकेल कॉलिन्स पंधराव्या वर्षी लंडनला कारकून म्हणून गेला आणि १९१६ पर्यंत तिथेच होता. आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड या गुप्त संघटनेची शपथ त्याला सॅम मॅग्वायरने लंडनमध्येच दिली. उठावाच्या आधी लंडन, लिव्हरपूल, ग्लासगोहून आलेली आयरिश पोरं डब्लिनच्या किमेजमध्ये एका गिरणीच्या आवारात राहत होती. ती तिथूनच लढायला गेली. यातल्या कित्येकांना ब्रिटनमध्ये सैन्यभरती लागू झाली होती, म्हणजे परतीची वाट बंद.

जुलै १९१४ मध्ये हाउथच्या बंदरात ज्या ९०० बंदुका उतरल्या, त्यांचे पैसे लंडनमधल्या एका समितीने उभे केले. त्यात ॲलिस स्टॉपफर्ड ग्रीन, मेरी स्प्रिंग राइस अशी सुखवस्तू घरांतली माणसं होती. पुढे १९१९ ते २१ मध्ये लिव्हरपूलचे गोदी कामगार आणि खलाशी हत्यारं पलीकडे पोचवायचे. नोव्हेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गोदामांना आगी लावल्या गेल्या, त्यानंतरची धरपकड याच वस्त्यांतली. यांना किंमत मोजावी लागली नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

रानजाई

टिपणवही, कॉलिन्सच्या कर्जाचा मुद्दा बिनतोड आहे. गेलिक लीगचाही. पण लीगच्या पिअर्सला बंडखोर बनवलं कोणी? १९१४ मध्ये तो स्वतःच्या शाळेसाठी पैसे मागायला अमेरिकेत गेला, डेव्हॉय आणि क्लॅनचाच पुढारी मॅकगॅरिटी यांच्या माणसांत वावरला, आणि आला तो आधीपेक्षा कितीतरी जहाल होऊन. गुप्त संघटना आयर्लंडमध्ये १९०० च्या सुमारास जवळपास निजलेली होती. तिच्यात जीव भरला तो क्लार्कने परत येऊन. उठावाआधीच्या काळात क्लॅनने सुमारे एक लाख डॉलर पाठवले. जर्मन वकिलातीशी बोलणी डेव्हॉयने न्यूयॉर्कमधून केली, त्यातूनच 'ऑड' जहाजावर वीस हजार रायफली निघाल्या. त्या उतरल्या नाहीत ही गोष्ट वेगळी.

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद मूळ लेखातच असायला हवा होता.

नीलगिरी

मी मेलबर्नला राहते, म्हणून ऑस्ट्रेलियाबद्दल थोडं. इथले आर्चबिशप डॅनियल मॅनिक्स हे कॉर्क परगण्यातले. १९१६ आणि १९१७ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीवर दोनदा सार्वमत झालं, दोन्ही वेळा प्रस्ताव पडला. १९१७ ला मॅनिक्स विरोधात सगळ्यात पुढे होते आणि इथल्या आयरिश कॅथलिकांची मतं त्यात मोठी होती. १९२० मध्ये ते अमेरिकेतून आयर्लंडला निघाले. वृद्ध आईला भेटायचं होतं. ब्रिटिश नौदलाने ऑगस्टमध्ये भर समुद्रात 'बाल्टिक' ही बोट अडवली, त्यांना उतरवून घेतलं आणि इंग्लंडच्या पेन्झान्सला नेऊन सोडलं. आयर्लंडला पाय ठेवू दिला नाही. एका धर्मगुरूसाठी युद्धनौका पाठवाव्या लागल्या, याची बातमी जगभर झाली.

त्याच महिन्यात कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी याचं अटकेनंतर उपोषण चालू झालं होतं, ते पुढे लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात चाललं. या दोन्हींच्या निषेधात न्यूयॉर्कच्या गोदीत ब्रिटिश जहाजांवर संप झाला. सुरुवात निदर्शनं करणाऱ्या आयरिश बायकांनी केली. त्यांच्या हाकेला गोदीतले कृष्णवर्णीय कामगारही बाहेर पडले. एरवी त्याच गोदीत आयरिश कामगार त्यांना जवळ उभं करत नसत. मॅकस्विनी ७४ दिवसांनी, २५ ऑक्टोबरला गेला.

अर्जेंटिनाचंही नाव घ्यायला हवं. १९१६ ला पोस्ट ऑफिसवर झेंडा चढवणाऱ्यांत एमन बल्फिन होता, जन्म ब्युनोस आयर्सचा. मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती रद्द होऊन पुढे त्याला अर्जेंटिनाला हाकललं. तिथे त्याने डब्लिनच्या प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी म्हणून काम केलं.

जुनीपेठ

आपल्याकडच्या दुव्याबद्दल. न्यूयॉर्कच्या आयरिशांनी भारतीय क्रांतिकारकांना आपल्या छायेत घेतलं होतं. डेव्हॉयच्या 'गेलिक अमेरिकन'मध्ये जॉर्ज फ्रीमन होता, तो भारतातल्या दडपशाहीच्या बातम्या लावून धरायचा. १९०६ मध्ये बरकतुल्लांबरोबर न्यूयॉर्कला पॅन-आर्यन असोसिएशन काढणारे सॅम्युअल लुकस जोशी आपल्याच मुलखातले, त्यांना आयरिशांचा पाठिंबा होता. पुढे पश्चिम किनाऱ्यावर गदर चळवळीच्या उभारणीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. १९१९ मध्ये डी व्हॅलेरा सॅन फ्रान्सिस्कोला गेला तेव्हा गदरच्या लोकांनी त्याला तलवार आणि आयरिश झेंडा भेट दिला. २८ फेब्रुवारी १९२० ला न्यूयॉर्कमध्ये भारतीयांच्या सभेत त्याने भारत आणि आयर्लंड या विषयावर भाषण केलं. आपला लढा एकच आहे हे स्वच्छ सांगितलं.

मात्र टिळकांची १९१६ ची होमरूल लीग याच्याशी जोडताना जपून. ते नाव आयर्लंडच्या सनदशीर पक्षाकडून आलेलं, आणि डेव्हॉयची माणसं त्या पक्षाला मवाळ म्हणून हिणवत.

दुसरी बाजूही आहे. भारतावर राज्य करणाऱ्या फौजेत हजारो आयरिश होते. जून १९२० मध्ये जालंधर आणि सोलनला कनॉट रेंजर्स या ब्रिटिश फौजेतल्या आयरिश पलटणीच्या शिपायांनी मायदेशातल्या अत्याचारांच्या निषेधात काम थांबवलं. त्यांच्यातल्या जेम्स डॅलीला २ नोव्हेंबरला दगशाईला गोळ्या घातल्या. त्याच फौजेने पूर्वी कोणावर बंदुका रोखल्या होत्या, हे मला डॅलीबद्दल वाचताना विसरता येत नाही.

टिपणवही

उत्तम प्रतिसाद, जुनीपेठ आणि नीलगिरीताई. रानजाई, पिअर्सबद्दलचं तुमचं म्हणणं बऱ्यापैकी पटलं.

पण डी व्हॅलेराच्या दौऱ्याबद्दल कोणी बोललं नाही. डेव्हॉय आणि त्याचा न्यूयॉर्कमधला साथीदार न्यायमूर्ती कोहॅलन यांचं म्हणणं, अमेरिकेतल्या आयरिशांचं राजकारण आम्ही ठरवणार. डी व्हॅलेराचं म्हणणं, आयर्लंडने निवडलेला मी आहे, मी ठरवणार. फेब्रुवारी १९२० मध्ये त्याने ब्रिटन-आयर्लंड संबंधांना अमेरिका-क्यूबा करारातलं उदाहरण दिलं, हे पूर्ण स्वातंत्र्यावरून मागे हटणं आहे म्हणून डेव्हॉयने त्याला वर्तमानपत्रातून झोडपलं. जूनमध्ये शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात आयर्लंडबद्दल दोघांचे दोन वेगळे ठराव गेले आणि शेवटी पक्षाच्या जाहीरनाम्यात एकही आला नाही. वर्षअखेर डी व्हॅलेराने स्वतंत्र संघटना काढली. मान्यता मिळाली नाही ती नाहीच. ब्रिटनबरोबरच राहू पाहणाऱ्या, उत्तरेकडच्या अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांचं काय करायचं, याचा विचार या दोघांपैकी कोणीही अमेरिकेत बसून गंभीरपणे केला नाही. शेवटी फाळणी झाली.

मेघना_ठा

मग त्या मोलकरणींच्या दहा डॉलरचं काय झालं?

रानजाई

मेघना, बराच पैसा अमेरिकन बँकांतच राहिला. डिसेंबर १९२१ च्या ब्रिटनशी झालेल्या तहानंतर आयर्लंडमध्ये यादवी झाली, आणि तह स्वीकारणारं फ्री स्टेट सरकार आणि तहाविरुद्धचा डी व्हॅलेराचा गट दोघांनीही त्या रकमेवर हक्क सांगितला. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोघांनाही नाकारलं: हे पैसे ज्यांचे त्यांना परत द्या. मग डी व्हॅलेराने रोखेधारकांना साद घातली की तुमचा हक्क माझ्या नावे करा, त्यातून १९३१ ला त्याचं 'आयरिश प्रेस' हे दैनिक निघालं. ते पुढे त्याच्या कुटुंबाच्या ताब्यात गेलं, हे मला रुचत नाही. स्वातंत्र्यासाठी दिलेल्या पैशाची ती जागा नव्हती. १९३३ मध्ये त्याच्याच सरकारने कायदा करून उरलेलं कर्ज फेडायला घेतलं, मूळ डॉलरमागे सव्वा डॉलर.

डेव्हॉय तहाच्या बाजूने उभा राहिला. १९२४ मध्ये, ब्याऐंशीच्या आसपासच्या वयात, नव्या सरकारचा पाहुणा म्हणून तो आयर्लंडला आला. १९२८ ला अमेरिकेत वारला. पुढच्या वर्षी त्यालाही ग्लासनेव्हिनलाच आणून पुरलं.

टिपणवही, अल्स्टरबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. त्यावर मी वेगळा धागा काढते, कारण कॅनडातल्या ऑरेंज लॉज या ब्रिटननिष्ठ संघटनेचे आयरिश प्रोटेस्टंट हेही परदेशस्थच होते आणि त्यांनी अल्स्टरच्या बाजूने जोर लावला. तो भाग इथे आलाच नाही.